प्रौढ शिक्षणातून संयुक्त राष्ट्रांपर्यंत: रॉबर्ट गार्डिनर कसे पोचले

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सातपूरला कामगारांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवता, सोबत शिक्षणशास्त्रात एम.ए. करता. घरचे म्हणतात, यात पुढे काही नाही, एमपीएससी दे. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की प्रौढ शिक्षणातलं कुणी युनेस्को किंवा संयुक्त राष्ट्रांत खरंच पोचलंय का, पोचलं असेल तर कसं. नाशिकमध्ये मुक्त शिक्षणाच्या अभ्यासकेंद्रांवर माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

पोचलेत, आणि चांगले वरपर्यंत पोचलेत. त्यातलं एक नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते: रॉबर्ट गार्डिनर. जन्म १९१४ चा, कुमासीचा, म्हणजे आजच्या घानातला. सिएरा लिओनच्या फुराह बे कॉलेजात आणि मग केंब्रिजला शिकले, अर्थशास्त्र शिकवलं, आणि १९४९ मध्ये नायजेरियात इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बहिःशाल विभागाचे, म्हणजे कॉलेजबाहेरच्या लोकांना शिकवणाऱ्या विभागाचे, संचालक झाले. कॉलेज तेव्हा जेमतेम वर्षभराचं होतं. बहिःशाल व्याख्यानं आपल्या कॉलेजांतही होतात, पण इबादानच्या वर्गांची पद्धत वेगळी होती. गावोगावी संध्याकाळी वर्ग भरायचे. शिक्षक, कारकून, कामगार संघटनांचे कार्यकर्ते यायचे, आणि ऐकण्याइतकाच वेळ वाद घालण्यात जायचा. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. राज्यकारभार कसा चालतो, कर कुठे जातात, हे त्या मंडळींना परीक्षेसाठी नको होतं, स्वतःसाठी हवं होतं.

गार्डिनर यांच्या पुढच्या कामाचं मूळ मला या वर्गांत दिसतं. का, ते एका प्रसंगातून सांगते. अंबडच्या एका केंद्रावर रविवारचं संपर्कसत्र, म्हणजे मुक्त शिक्षणातला प्रत्यक्ष वर्ग, चालू होतं. एका मावशींनी घडी घातलेली पगाराची पावती समंत्रकांपुढे, म्हणजे शिकवणाऱ्यांपुढे, ठेवली आणि विचारलं, पीएफ आणि ईएसआयचे म्हणून कापलेले हे पैसे जातात कुठं? मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, कंत्राटदाराच्या खिशात. दुसरा म्हणाला, नाही, सरकारकडे जमा होतात. आवाज चढले. समंत्रकांनी धडा बाजूला ठेवला, पावतीतले रकाने फळ्यावर उतरवले आणि दोघांना आपापलं म्हणणं पूर्ण मांडू दिलं. आपलं मत त्यांनी सर्वांत शेवटी सांगितलं, तेही खात्यावरची जमा तपासायची कशी एवढंच. पुढच्या रविवारी बाकीचे आपापल्या पावत्या घेऊन आले.

शाळेतल्या मास्तरांकडे हजेरी असते, परीक्षा असते, पालकांचा धाक असतो. प्रौढांच्या वर्गात यातलं काही नसतं. पटलं नाही तर माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही, विषय संपला. हातात अधिकार नसताना, एकमेकांवर विश्वास नसलेल्या मोठ्या माणसांना एका खोलीत टिकवून ठेवायचं आणि त्यांच्याच तोंडून निर्णय काढायचा, हे रोजचं काम. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्याचं काम याहून फार निराळं नसतं. समोर सार्वभौम देशाचा मंत्री बसलेला असतो, त्याला हुकूम देता येत नाही.

पण इबादानहून थेट न्यूयॉर्क, असं झालं नाही, आणि तुमच्यासाठी खरा मुद्दा हा आहे. १९५३ मध्ये ते मायदेशी परतले आणि समाजकल्याण व समुदाय विकास खात्याचे संचालक झाले. सार्वजनिक साक्षरतेची आणि गावविकासाची मोहीम तेव्हा जोरात होती. पुढे गृहनिर्माण मंत्रालयाचे सचिव, आणि १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सगळ्या प्रशासकीय सेवेची जबाबदारी. म्हणजे मधली काही वर्षं फायली, अंदाजपत्रकं, नेमणुका. तेव्हा घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. महाराष्ट्र शिक्षण सेवेत जाणं ही प्रौढ शिक्षणाशी फारकत नव्हे. वर्गातला माणूस ओळखणारा आणि फाईलही हलवता येणारा अधिकारी दुर्मिळ असतो. गार्डिनर तसे होते, म्हणून त्यांना बोलावणं आलं.

बोलावणं आलं ते कठीण ठिकाणी. काँगो १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि दोन आठवड्यांच्या आत कटांगा प्रांत फुटून निघाला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस हॅमरशोल्ड कटांगाच्या नेत्यांशी वाटाघाटींसाठी जात असताना विमान कोसळून गेले. त्यानंतर १९६२–६३ मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेची सूत्रं गार्डिनर यांच्याकडे होती. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचं बंड संपलं. ते नुसत्या चर्चेनं संपलं असं मी म्हणणार नाही, फौजेची कारवाई झाली होती आणि त्या फौजेत भारतीय जवान मोठ्या संख्येनं होते. पण राजधानी लिओपोल्डव्हिलमधलं काँगोचं सरकार आणि कटांगाचे नेते यांच्यामध्ये बोलणी चालू ठेवण्याचं काम कुणाला तरी करावंच लागत होतं.

आदिस अबाबाला संयुक्त राष्ट्रांचा आफ्रिकेसाठीचा आर्थिक आयोग आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७५ पर्यंत गार्डिनर त्याचे कार्यकारी सचिव होते. इंग्रजी बोलणारे देश एकीकडे, फ्रेंच बोलणारे दुसरीकडे, आणि आयोगाकडे सक्तीचा अधिकार शून्य. अभ्यास करायचा, बैठका घ्यायच्या, माणसं तयार करायची, एवढंच हाती. तरी आफ्रिकन विकास बँकेची पायाभरणी याच आयोगाच्या तयारीतून झाली. तिच्या करारावर १९६३ मध्ये खार्टूमला सह्या झाल्या. १९६५ ची रीथ व्याख्यानंही, म्हणजे बीबीसी रेडिओवरची वार्षिक व्याख्यानमाला, त्यांनीच दिली, विषय वंशभेदाचा.

उलट्या दिशेनं, म्हणजे दुसऱ्या क्षेत्रातून प्रौढ शिक्षणात आलेलं उदाहरण म्हणजे बार्बाडोसच्या नीता बॅरो. मूळच्या परिचारिका. १९८२ पासून आंतरराष्ट्रीय प्रौढ शिक्षण परिषदेच्या अध्यक्ष. १९८६ मध्ये राष्ट्रकुलाच्या ज्या गटानं दक्षिण आफ्रिकेत जाऊन तुरुंगातल्या मंडेलांची भेट घेतली, त्यात त्या एकट्या स्त्री होत्या. आपले माजी परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंगही त्या गटात होते. नंतर संयुक्त राष्ट्रांत देशाच्या राजदूत, आणि शेवटी गव्हर्नर जनरल.

आता तुमचं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत सुरुवातीच्या व्यावसायिक पदाला साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. पदवी तुमच्या हातात येतेच आहे. फ्रेंच आजपासून सुरू करा, ऑनलाइन चालेल. गार्डिनर यांच्या काळात ती उपयोगी पडायची, आजही पडते. हॅम्बुर्गला युनेस्कोची आजीवन शिक्षणाची संस्था आहे, तिचे अहवाल वाचत जा. प्रौढ शिक्षणाची जागतिक परिषद साधारण बारा वर्षांनी भरते. २०२२ ची माराकेशला झाली. तिच्यासाठी प्रत्येक देशाकडून अहवाल मागवला जातो, आणि त्यासाठीची माहिती शेवटी तुमच्यासारख्यांच्या वर्गातूनच वर जायची असते. ती बहुतेक वेळा जात नाही, कारण कुणी लिहूनच ठेवलेली नसते.

म्हणून एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी साक्षरतेचा सर्वसाधारण विषय घेऊ नका. तुमच्या वर्गातून लोक कधी आणि का गळतात, ते घ्या. कामाची पाळी बदलली म्हणून कोण गेलं, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला कोण गेलं, मूल आजारी म्हणून कोण थांबलं, आणि त्यातलं परत कोण आलं. तारखांसकट वही ठेवा, नावं मात्र प्रबंधात घालू नका. सहा महिन्यांची नोंद झाली की तिचा दोन पानी गोषवारा मराठीत आणि इंग्रजीत लिहा आणि इथेच टाका. भाषा आणि मांडणी दोन्ही मी बघून देईन.