सुट्टे, सुट्टी आणि पसरलेली शाई

ताई, तुमचे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी वेगळे करते. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होतायत, त्यांना द्यायच्या कार्डासाठी तुम्ही डुलक्या काढणाऱ्या अस्वलाचा डिजिटल स्टॅम्प, म्हणजे छापून रंगवायचं चित्र, विकत घेतलात, घरच्या प्रिंटरवर छापून जलरंगाने रंगवलात आणि काळी रेघ पसरून अस्वलाचं वटवाघूळ झालं, हा एक. आत "मामा, शेवटचा स्टॉप आला, सुखाने उतरा" असं लिहिलंत आणि घरात कुणी हसलं नाही, उलट आजी उठून आत गेल्या, हा दुसरा. पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्याला थोडं पथ्य पाळावं लागेल.

आधी शाई. डिजिटल स्टॅम्प म्हणजे शेवटी नुसत्या रेघांची एक फाइल. रबरी शिक्क्याला जशी पक्की शाई निवडता येते, तशी इथे प्रिंटरमध्ये जी असेल तीच मिळते. घरच्या बऱ्याच इंकजेटमध्ये डाय शाई असते आणि ती पाण्यात विरघळते. रात्रभर वाळवली तरी ब्रश लागला की सुटतेच. लेझर किंवा झेरॉक्सच्या मशीनमध्ये टोनर असतो, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक पूड, उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली. तिला पाण्याचं काही वाटत नाही. तेव्हा फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुकानात जाऊन छापून आणा.

अल्कोहोल मार्करनेही, म्हणजे स्पिरिटच्या शाईच्या रंगीत पेनांनीही, टोनरवर छान रंगवता येतं. कॉपिक हे जपानी मार्कर १९८७ मध्ये आले, तेच मुळी झेरॉक्सची रेघ विरघळू नये अशा शाईचे. नावातला 'कॉपी' तिथूनच आलाय. ते महाग आहेत. स्वस्तातले घेतलेत तर कोपऱ्यात एक रेघ मारून बघा, काही काही रेघ ओढून नेतात. आणि घरच्याच प्रिंटवर भागवायचं असेल तर सरळ रंगीत पेन्सिली घ्या. मी अर्धी कार्डं पेन्सिलीनेच करते.

दुकानात कागद तुमचा न्या. चकचकीत आर्ट कार्ड नको, त्यावर पाण्याचे थेंब अळूच्या पानावर राहतात तसे राहतात. फार खरखरीत जलरंगाचा कागदही नको, खळग्यांत टोनर नीट बसत नाही. कोटिंग नसलेला, गुळगुळीत, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम) घ्या. आमच्या सांगलीत हरभट रोडवरच्या एका दुकानात मला दरवेळी "काकू, मशीन जाम होईल" ऐकावं लागतं. तेव्हा म्हणायचं, बाजूच्या बायपास ट्रेमधून घाला आणि सेटिंगला जाड कागद निवडा. तेवढं केलं नाही तर टोनर कच्चा राहतो आणि नखाने खरवडला की निघतो. प्रिंट हातात आली की तिथेच नख मारून बघा, पैसे मग द्या.

फाइल दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, रेघा भुरकट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि चित्र ताणू नका. १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, चार इंच भरतं, त्याहून मोठं केलं की कडा दातेरी दिसायला लागतात.

आता पथ्य. निवृत्तीच्या कार्डावर 'शेवट', 'उतरणं', 'प्रवास संपला' हे शब्द अजिबात नकोत. आपल्याकडे हे शब्द कुठे छापून येतात ते आजींना माहीत आहे, म्हणून त्या उठल्या. पण तुमची पकड बरोबर आहे, एसटीचीच भाषा घ्यायची. फक्त मामा ड्यूटीवर रोज खरोखर जे बोलत आले ते घ्या. मी हे असं करीन :

पुढच्या पानावर चित्र नाहीच. फक्त मोठ्या अक्षरात, "सुट्टे द्या, सुट्टे!" कार्ड उघडलं की आत तोंड उघडं टाकून झोपलेलं अस्वल आणि खाली, "आता सुट्टीच सुट्टी."

तुमचं चित्र पुढे होतं. झोपलेलं अस्वल आधीच दिसलं तर आत बघण्यासारखं उरतं काय? माझ्या बँकेतल्या दिरांच्या कार्डावर मी उलटं केलं होतं. बाहेर बंद दाराचं चित्र आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत", आत आरामखुर्चीत घोरणारं मांजर आणि "रोज. जेवणानंतर. एक ते चार." चित्र साधंच होतं. दाराआड काय असेल याचा अंदाज बांधायला वेळ मिळाला, म्हणून हसू आलं.

हे बहुतेक स्टॅम्प परदेशी चित्रकारांचे असतात, त्यामुळे हॅट, वाइनचे ग्लास आणि ख्रिसमसचे मोजे फार. वाइनचा ग्लास जेल पेनने दोन रेघांत कटिंग चहाचा होतो. तुमच्या अस्वलाला खांद्यावरून पट्टा आणि कातडी बॅग काढा, तेवढ्याने ते खात्यातलं होईल.

आणखी एक गंमत सुचते. पातळ रंगीत कागदाची बोटभर पट्टी कापा, जुन्या तिकिटासारखी. त्यावर बारीक अक्षरात "सातारा ते आरामखुर्ची. मामा : पूर्ण. मामी : अर्धे." बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यावरून त्यांच्या घरात दोन विनोद आधीच झाले असतील, हा तिसरा. मग ऑफिसच्या पंचने त्या पट्टीला खरंच एक भोक पाडा आणि ती अस्वलाच्या पंजाखाली नुसती एका टोकाला चिकटवा. मामा ती पट्टी हातात धरून बघतील, पैज लावते. मागच्या पानावर एवढंच : "टण टण."

कुणावर विनोद करायचा याबद्दल एक सांगते, कारण यात मी स्वतः चुकलेय. तुमच्याकडे कोयनेतून पाणी सोडलं की आमच्याकडे लोक आयर्विन पुलावर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी बघायला जातात. २०१९ च्या पुरात आत्याच्या घरात पाणी शिरलं होतं. पुढच्या वर्षी तिच्या साठीला मी रबरी ट्यूब कमरेला लावलेल्या आजीबाईंचा स्टॅम्प छापला, ट्यूबवर हिरवी-पिवळी नक्षी रंगवली, खाली लिहिलं, "यंदा आत्या तयार आहेत." रंगकाम इतकं जमलं होतं की मीच खूश. वहिनीला दाखवलं. तिने बघितलं, कार्ड पालथं ठेवलं आणि म्हणाली, "त्यांच्या लग्नाचा अल्बम गेलाय पाण्यात." ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. २०२१ ला परत पाणी वाढलं तेव्हा आत्याच फोनवर म्हणाली, "मला एक ट्यूब आणून ठेवा गं." तरीही मी ते कार्ड दिलं नाही. विनोद तिचा होता, माझा नाही.

मामांच्या बाबतीत ही अडचण दिसत नाही. मात्र पगार थकल्याचा, संपाचा वगैरे विषय काढू नका. घरी विचारून घ्या, त्यांना अजून काय टोचतं ते घरच्यांनाच माहीत.

अक्षरांचं म्हणाल तर हाताने लिहा, मामांना तुमचं अक्षर ओळखू येतं. छापायचंच असेल तर बालू किंवा मुक्ता हे फुकट मिळणारे फॉन्ट चांगले आहेत, पण दुकानात पीडीएफ करूनच न्या. तिथे मराठी टायपिंगची जुनी श्रीलिपी असली तर तुमचा युनिकोड मजकूर चिकटवल्यावर भलतंच काही उमटतं. एकदा माझ्या 'शुभेच्छां'चे नुसते चौकोन आले होते.

विकत घेतलेली फाइल मैत्रिणींना फॉरवर्ड करू नका, त्या चित्रावर कुणाचं तरी घर चालतं. बचत गटाच्या स्टॉलवर कार्डं विकायची असतील तर फाइलसोबतच्या अटी वाचा. कुणी हाताने केलेली कार्डं विकू देतात, कुणी नाही.

कार्ड पोस्टाने जाणार असेल तर आकार लहान ठेवा. ३०० जीएसएमचा अख्खा ए-फोर कागदच जवळजवळ १९ ग्रॅम भरतो, पाकीट धरलं की २० ग्रॅमची मर्यादा ओलांडली. अर्धा कागद दुमडलात तर निम्म्यात काम होतं. पण तुम्ही हातातच देणार असं दिसतंय. मग एकच करा, साताऱ्याचे आहात म्हणून सांगते : कार्ड कंदी पेढ्यांच्या बॉक्सवर ठेवून नेऊ नका. तुपाचा डाग मागच्या पानापर्यंत उतरतो, आणि त्यावर कुठलाच मार्कर चालत नाही.