चेनला तेल घातलं तरी खरखर का? नव्या सायकलवाल्यांचे प्रश्न

प्र. गिअरची सायकल घेतलीये, चेनला दर आठवड्याला तेल घालतो तरी खरखर येते आणि पँट काळी होते ती वेगळीच. कुठलं तेल चांगलं? (पिंपरी)

तेल नका बदलू, आधी फडकं घ्या. तेलाचं काम असतं आत, पिन आणि तिच्यावर फिरणाऱ्या रोलरच्या मधे, बाहेर चोपडलेलं फक्त धूळ धरतं आणि ती धूळ-तेलाची काळी पेस्ट चेन घासत बसते. जुन्या बनियनचा तुकडा डिझेलमध्ये थोडा ओला करा, चेनभोवती धरा आणि पॅडल उलटं फिरवत रहा, फडकं कमी काळं व्हायला लागेपर्यंत. वाळली की खालच्या चेनवर आतल्या बाजूने एकेका रोलरवर एकेक थेंब, कंटाळवाणं आहे पण तसंच. पाच मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने पुसून काढा, हो, आत्ता घातलेलं तेलच पुसायचंय, आत गेलं ते राहतं. चेन ल्यूब म्हणून मिळतं तेच घ्या, खोबरेल नको, थंडीत थिजतं. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा स्प्रे गंज सोडवायला ठीक, चेनवर वंगण म्हणून टिकत नाही.

एवढं करूनही गिअर सटकत असेल तर चेन झिजून लांबली आहे का ते फूटपट्टीने मोजा. शून्य एका पिनच्या मधोमध ठेवलं की नव्या चेनमध्ये 12 इंचाची खूण, शून्याची पिन सोडून मोजलं तर, बरोब्बर 24 व्या पिनवर येते. ती पिन दीड मिलीमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला, तीनपर्यंत वाट बघितलीत तर मागचे दातेपण खाल्लेले असतात आणि खर्च वाढतो.

प्र. हवा किती भरायची? पेट्रोल पंपावर चालेल का? (सोलापूर)

टायरच्या बाजूवर पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा छापलेला असतो, त्या रेंजमध्ये ठेवा. पंपावर जपून, सायकलची ट्यूब एवढीशी, क्षणात जास्त भरते. गेजवाला फूट पंप घ्या आणि आठवड्याला बघा, पंक्चर नसतानाही हवा हळूहळू उतरतेच.

प्र. एकाच चाकाला सारखं पंक्चर. ट्यूब खराब आहे का? (बीड)

बहुतेक बाभळीचं टोक टायरमध्येच अडकलेलं असणार! टायर काढून आतून बोट फिरवा, हळू, टोचतं. पण ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर काटा नाही, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपली. पॅच लावताना ट्यूब घासून घ्या, सोल्युशन लावलं की लगेच चिकटवू नका, ओलसरपणा जाऊ द्या, घाई केली की सुटतो.

प्र. डिस्क ब्रेक किंचाळतो, थोडं तेल सोडू? (ठाणे)

अजिबात नाही!! हसू नका कोणी, हा प्रश्न बऱ्याचदा येतो. तेल लागलं की ब्रेक लागणारच नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोटं लावू नका. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलायचे, आणि चेनवर स्प्रे मारताना उडून बसतं म्हणून स्प्रेपेक्षा थेंबाची बाटली बरी.

प्र. चाक फिरताना एकाच जागी ब्रेकला घासतं. (नाशिक)

चाक आउट झालंय, म्हणजे रिम वाकडी फिरतेय. दुकानात नेण्याआधी चाक सरळ बसलंय ना आणि नट घट्ट आहे ना ते बघा, मग जवळजवळचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून बघा, सैल किंवा तुटलेला लगेच कळतो. आउट काढायचं काम दुकानात द्या, नवीन सायकलचे स्पोक सुरुवातीला थोडे बसतातच, त्यामुळे पहिल्या सर्व्हिसिंगलाच सांगून ठेवा.