आईचा संडास आणि हप्ते मागणारी ‘एफडी’

दारव्हा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. आई ७२ वर्षांची, लकव्याने डावी बाजू गेलेली, चाकाच्या खुर्चीवर. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, ओटा दोन फूट उंच. मागच्या बाजूला संडास-बाथरूमसह ३०० चौरस फूट स्लॅबचं बांधकाम, ठेकेदाराचा आकडा ६ लाख. विचारलंय, १४ टक्क्यांचं पर्सनल लोन घेऊ की सोनं गहाण ठेवू?

दोन्ही नको. पत्रात शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘आईच्या खात्यात ६ लाख ६० हजार आहेत, पण ते बँकेतल्या एफडीच्या हप्त्यांसाठी ठेवलेत.’

अहो, एफडीला हप्ते नसतात. सोबत पाठवलेली पावती विम्याची आहे. विमा तुमच्या नावाचा, पैसे आईचे. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं. २० लाख मिळणार विसाव्या वर्षी. तेव्हा आई नव्वदीत असतील. ‘दुप्पट होतील’ म्हणून विकलेल्या या मालाचा परतावा साडेतीन टक्क्यांच्या आत बसतो. शिवाय बाकी आठ हप्ते म्हणजे ९ लाख ६० हजार, खात्यात ६ लाख ६०. वरचे ३ लाख कापसाच्या भरवशावर?

आणि हे पैसे बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर झोपवून तुम्ही १४ टक्क्यांनी कर्ज काढणार. ६ लाखांवर पाच वर्षांत व्याजच सुमारे २ लाख ४० हजार.

परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. तरी तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज पॉलिसी मोडली तर किती, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती. समजा हातात लाखच आला, १ लाख ४० हजार बुडाले. दुखेल. पण तो लाख धरून पुढचा हिशेब नव्याने मांडला तरी पॉलिसी चालू ठेवण्यात साडेचार टक्केसुद्धा सुटत नाहीत. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ देते.

आता घर. आईला स्लॅब नको, संडासापर्यंत खुर्ची जायला हवी. ओसरीचा एक कोपरा बंद करून ६ बाय ७ फुटांचं बाथरूम काढा. खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं. दार तीन फूट, बाहेर उघडणारं, उंबरा नाही. कमोडची बैठक १८ इंच. आधाराचा दांडा उजव्या हाताला, कारण डावा चालत नाही. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही, पहिल्याच झटक्याला दांडा हातात येईल. त्या बाजूला ९ इंची विटांची भिंत घ्या.

ठेकेदाराने ८ फुटांचा रॅम्प काढलाय. त्यावरून खुर्ची मागे उलटेल. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे तुम्हाला २४ फूट. मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा देऊन अंगणात वळवा. रुंदी चार फूट, कडेला कठडा. खाली काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर भराव टाकून कोबा केला तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकेल. दोन-तीन फूट माती काढून मुरूम थराथराने पाणी मारून धुमसा. आणि रॅम्प जुन्या भिंतीला चिकटवू नका. पाणी मुरून भिंत पायातूनच बसेल.

सगळं मिळून पावणेदोन लाख, फार तर दोन. लाखभर दवाखान्यासाठी हाताशी ठेवा. उरलेले ३ लाख ६० हजार आईच्या नावाने पोस्टात टाका; दर तिमाहीला सुमारे ७,४०० रुपये येतील, मालिश-व्यायामाला येणाऱ्या माणसाचा बराचसा खर्च त्यात भागेल.

हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी दिली असेल, तर ती उद्याच लेखी अर्ज देऊन बंद करा आणि अर्जावर बँकेचा शिक्का घ्या. ‘साहेब नाहीत, सोमवारी या’ म्हणतील; अर्ज तिथेच ठेवून येऊ नका.