विचारलं तर लपवायचं नाही

प्रिय बाळा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाहीये. ऑफिसातली मुलं रविवारी सकाळी सिंहगडावर निघाली होती, तुला उपासनेला जायचं होतं, आणि तू म्हणालास, घरी पाहुणे येणार आहेत. वर मला म्हणतोस, "काका, मला येशूची सुवार्ता सांगायची लाज वाटते." अरे, सुवार्ता सांगायची वेळ आलीच कुठे होती? त्यांनी एवढंच विचारलं होतं, रविवारी येतोस का?

येशूचा शिष्य पेत्र, त्याला तरी येशूला धरून नेलं त्या रात्री महायाजकाच्या वाड्यात कुणी प्रवचन मागितलं होतं? एका दासीने विचारलं, तूही त्या येशूबरोबर होतास ना? नुसतं हो म्हणायचं होतं, तर तो नाही म्हणाला. पुढे त्याच पेत्राने ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलं की तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण सौम्यपणे द्या. जो विचारेल त्याला! मी आयुष्यभर हेच धरून बसलोय. विचारलं तर लपवायचं नाही.

तुला भीती कशाची वाटते ते मला कळतं. "किती पैसे मिळाले?", "तुमच्यात कोण बाटलं?" बँकेत डबा खाताना हे मीही ऐकलंय. तेव्हा मी आजीबद्दल सांगायचो. ती मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली आणि म्हातारपणी कंदिलाच्या उजेडात योहानाचं शुभवर्तमान बोट ठेवून वाचायची. ऐकणाऱ्या सगळ्यांना पटलं असं नाही, पटवायचं माझ्या मनातही नव्हतं. डब्यापुढे डोळे मिटून प्रार्थना करणं मात्र मी निवृत्तीच्या दिवसापर्यंत सोडलं नाही.

आणि हा परका धर्म, असं कुणी म्हटलं की मान खाली घालू नकोस. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक कोकणातले चित्पावन. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या माणसाने आपल्या अहमदनगरात राहून अभंग-ओव्यांत ख्रिस्त गायला, कीर्तनं केली, तुकोबांच्या पुलावरून आपण येशूकडे आलो असं उघड सांगितलं. दर रविवारी तू त्यांचीच गीतं मोठ्याने गातोस ना? मग सोमवारी घसा का बसतो?

आपल्या मंडळीत काहीजण मला म्हणतात, "एवढी वर्षं नोकरी केलीत, एक तरी माणूस प्रभूकडे आणलात का?" मी मोजलं नाही आणि मोजणारही नाही. कुणाच्या हातात पत्रिका कोंबली नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवली नाहीत. याला ते भित्रेपणा म्हणतात. म्हणोत. मन बदलणं पवित्र आत्म्याचं काम आहे. माझं काम विचारणाऱ्याला खरं सांगण्याचं होतं आणि ते मी केलं. संविधानाच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, पाळण्याचा, त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिलाय. पण ते कलम कुणी तोंडावर फेकायला वापरू नये, आणि तोंड शिवून बसणाऱ्याला त्याचा उपयोगही नाही.

खंत एकच आहे. माझा स्वतःचा मुलगा ऑफिसात याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला सांगून मी थकलो. म्हणून तुझ्यावर जरा जास्तच चिडतोय, ते मनाला लावून घेऊ नकोस. तू निदान फोन तरी केलास.

उपासनेची भाषा तेवढी देवळातच ठेव. "तारण" आणि "कृपा" हे शब्द ऐकून तुझा मित्र गोंधळेल. मागच्या वर्षी नोकरी गेली तेव्हा तू कसा तगलास, ते तुझ्या नगरी मराठीत सांग. त्याने विचारलं, तर. आणि विचारलं, तर लपवायचं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या आईचं ऑपरेशन आहे आणि तू रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करतोस, हे त्याला सांगू का? सांग. एका वाक्यात सांग आणि त्याच्या उत्तराची वाट बघत उभा राहू नकोस. दवाखान्यात रात्री कोण थांबणार आहे तेही विचार. कुणी नसेल तर तू थांब, आणि जाताना दोघांपुरता डबा घेऊन जा.

तुझा,
काका