सपाट चाळणी आणि तिरपं शेत: पलूसचे जुने हार्वेस्टर

प्रश्न असा होता: अमेरिकेतल्या एका जुन्या फोटोत तीसेक घोडे लाकडी हार्वेस्टर ओढत डोंगरउतारावर गहू कापताना दिसतात. यंत्र उलटत कसं नव्हतं, आणि एवढे घोडे कशाला?

फोटो बहुधा पलूसचा (सांगलीकडचं पलूस नव्हे). वॉशिंग्टन राज्याचा आग्नेय कोपरा आणि लागूनचा आयडाहो. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या टेकड्या, उतार काही जागी 50 टक्क्यांपर्यंत, आणि त्यावर माथ्यापर्यंत गहू.

उलटण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी अडचण यंत्राच्या पोटात होती. कापणी, मळणी, उपणणी एकाच यंत्रात, म्हणजे आत रुंद चाळण्या आणि खालून पंख्याचा वारा. यंत्र कललं की सगळा माल खालच्या अंगाला गोळा होतो. तिथला थर इतका जाड की वारा आरपार जात नाही. वरचं अंग मोकळं, तिथून वारा सुसाट सुटतो. सूप तिरकं धरून पाखडावं तसं होतं, दाणे भुशाबरोबर मागे जमिनीवर. म्हणून कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनच्या बेंजामिन होल्ट यांच्या कारखान्याने 1890च्या दशकात खास उताराचा हार्वेस्टर आणला. त्याची दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी वरखाली करता येत. मळणीचा भाग सपाट राही आणि कापणीचं पातं मात्र उताराला समांतर चाले. घोड्यांचं कौतुक सगळेच करतात, मला ही चाकं सांभाळणारा माणूस जास्त भारी वाटतो. पुढचा चढ आधीच हेरून तो दिवसभर यंत्र सपाट ठेवत असे. त्याचा अंदाज चुकला की मालकाचा गहू भुशात.

आता घोडे. सुरुवातीला यंत्रावर इंजिनच नव्हतं. एक अवजड लोखंडी चाक जमिनीवर फिरे आणि साखळ्यांवाटे पातं, मळणीचा ड्रम, चाळण्या, पंखा असं सगळं त्यावर चाले. म्हणजे घोडे नुसतं वजन ओढत नव्हते, मळणीही तेच करत होते. चाल मंदावली की मळणी बिघडली. 27, 33 अशा जोडण्या नेहमीच्या, खेचरंही असत. हाकणारा शिडीसारख्या दांड्यावर घोड्यांच्या डोक्यावर बसे, लगाम फक्त सर्वांत पुढच्यांना, आणि आळशी जनावराला नेमका मारायला जवळ खडे. पुढे यंत्रावर पेट्रोल इंजिन बसलं, मळणीचा भार त्याने उचलला आणि घोडे कमी झाले.

पोती शिवणाऱ्याचं काम मात्र तसंच राहिलं. हलत्या यंत्रावर बसून, धूळ खात, दाभण-सुतळीने पोत्याचं तोंड शिवायचं आणि दोन्ही टोकांना कान काढायचे, म्हणजे हमालाला पकड मिळते. भरलं पोतं साठ किलोच्या आसपास. चार-पाच साठली की घसरणीवरून शेतात सोडायची. यातली कितीतरी पोती कलकत्त्याहून बोटीने आलेली. वॉशिंग्टनमधल्याच वॉला वॉला गावच्या तुरुंगातही कैद्यांकडून पोती विणून घेत, त्याचा तागही आपल्याच बंगालचा.

सपाट ठेवण्याचं काम माणसाकडून सुटलं ते 1940च्या दशकात. पलूसच्याच रेमंड हॅन्सन यांनी पाऱ्याचा स्विच वापरला. यंत्र कललं की नळीतला पारा एका टोकाला सरकतो, वीजप्रवाह जुळतो आणि यंत्र आपोआप परत सपाट होतं.