अमेरिकन पंक बँड फुगाझीचा पहिला अल्बम कोणता, '१३ साँग्ज' की 'रिपीटर'?

'रिपीटर', १९९०. '१३ साँग्ज' आधी, १९८९ मध्ये आला हे खरं, पण तो अल्बम म्हणून रेकॉर्ड झालेलाच नाही. आधीच्या दोन ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) एकत्र करून ते संकलन काढलं होतं. 'वेटिंग रूम' हे गाजलेलं गाणं त्यातलंच, म्हणून बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते आणि घोळही तिथेच होतो.

माझ्या मते बँड खरा उभा राहतो तो 'रिपीटर'मध्येच. आधी गी पिचोटो प्रामुख्याने गायचा. इथे त्याच्या हातात गिटार आली आणि इयन मकायच्या गिटारशी तिची जुगलबंदी सुरू झाली. 'टर्नओव्हर' हेडफोन लावून ऐका. गिटार हळूहळू वर चढत येते, खालून बासिस्ट जो लाली (Joe Lally) याचा बास सरकतो, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. अंगावर काटा येतो!

सीडी घेतली तर ११ ऐवजी १४ गाणी दिसतील. शेवटची तीन '३ साँग्ज' या वेगळ्या रेकॉर्डमधली आहेत. मूळ अल्बम 'शट द डोअर'वर संपतो, आणि पहिल्यांदा ऐकताना तिथेच थांबा. हेरॉइनने झालेल्या मृत्यूवरचं ते गाणं आहे, त्यानंतर लगेच दुसरं काही लावू नये.