विश्वाचे ‘प्रसरण’ की ‘विस्तार’?

पुण्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान-शिक्षिकेने विचारले आहे : ‘उष्णता दिली की पदार्थ प्रसरण पावतात, असे आम्ही सातवी-आठवीत शिकवतो. पुढे विश्व प्रसरण पावते आहे असे सांगितले, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, मग विश्व तापत चालले आहे का? हा घोटाळा टाळण्यासाठी विश्वाचा “विस्तार” म्हणावे का?’

माझ्या मते ‘प्रसरण’ हाच शब्द ठेवावा. त्याच्या मुळाशी सरणे, पुढे जाणे या अर्थाचा ‘सृ’ धातू आहे आणि आपले रोजचे ‘पसरणे’ त्याच कुळातले. ‘विस्तार’ आला ‘स्तृ’ म्हणजे पसरवणे, अंथरणे यापासून. व्युत्पत्तीने दोघे शेजारी असले, तरी वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. मंत्रिमंडळाचा विस्तार कोणीतरी करतो. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीचा विस्तार झाला तेव्हा २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे हद्दीत आली. म्हणजे जमीन बाहेर आधीपासून होती, ती फक्त आत घेतली गेली. विश्वाच्या वेशीबाहेर अशी गावे नाहीत. तापलेल्या सळईत मात्र बाहेरून काहीच येत नाही, तिच्यातील कोणत्याही दोन खुणांमधले अंतर सारख्याच प्रमाणात वाढते. दूरदूरच्या दीर्घिकांमधील (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमधील) अंतरे अशीच वाढत आहेत, आणि हे चित्र ‘प्रसरण’ या शब्दात नेमके उतरते.

अडचण शब्दात नाही, त्याच्या पाठीला शाळेपासून चिकटलेल्या ‘उष्णतेमुळे’ या कारणात आहे. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरून पाहावे : हवा गार लागते. कोंडलेली हवा पसरताना भोवतालच्या हवेला ढकलते, त्या कामासाठी स्वतःची ऊर्जा खर्च करते, आणि बाहेरून उष्णता मिळण्याइतका वेळ नसल्यामुळे तिचे तापमान उतरते. म्हणजे उष्णता दिल्याने प्रसरण होते हे जितके खरे, तितकेच उष्णता न देता झालेल्या प्रसरणाने वायू थंड होतो हेही ऊष्मागतिकीतले सत्य आहे. वर्गात पहिले पक्के होते आणि दुसरे राहून जाते.

विश्वाची गोष्ट या दुसऱ्या प्रकारात मोडते. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे वयाच्या विश्वाचे तापमान ३,००० केल्व्हिनच्या आसपास होते. तेव्हा मोकळे झालेले प्रारण, म्हणजे प्रकाशाच्या रूपातील ऊर्जा, आजही सर्व दिशांनी येते, पण त्याचे तापमान आता फक्त २.७ केल्व्हिन आहे. तेव्हापासून अंतरे सुमारे १,१०० पट वाढली, प्रकाशाची तरंगलांबी तितक्याच पटीने ताणली गेली आणि तापमान तितक्याच पटीने उतरले. अर्थात ट्यूबच्या हवेसारखे विश्व बाहेरच्या कशाला ढकलत नाही. तेवढ्यापुरती ही उपमा सोडून द्यावी. शिवाय उष्ण वायूचा दाब विश्वाला फुगवतो असेही नाही. सापेक्षतावादानुसार तो दाब गुरुत्वाकर्षणात भरच घालतो आणि प्रसरणाला आवर घालतो.

प्रसरण आणि उष्णता या कल्पना एकमेकींपासून सुट्या करता येतात, याचे एक उदाहरण पुणेकरांना जवळचे वाटेल. येथील ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर ज्या स्थिर स्थिती सिद्धान्ताचा (विश्वाचे एकूण रूप सदैव सारखेच राहते, या मताचा) पुरस्कार केला, त्यातही विश्व प्रसरणच पावते, पण उष्ण आरंभ त्यात मुळीच नाही. पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी उष्ण आरंभाचा, म्हणजे महास्फोटाचा, पक्ष स्वीकारला. तरीही ‘प्रसरण’ हा शब्द दोन्ही पक्षांना सारखाच चालला.

तेव्हा वर्गात शब्द न बदलता कारण बदलावे. ‘तापल्यामुळे सळई प्रसरण पावते’ या वाक्याशेजारी ‘प्रसरण पावल्यामुळे विश्व थंड होत गेले’ हे वाक्य फळ्यावर लिहावे, आणि दोन्हींतल्या ‘मुळे’खाली रेघ ओढावी.